उपकारस्तुतीला बायबलमधलं स्तोत्र 103 की 136?

कसबा बावड्याच्या मामींचा फोन आला. मामांचं ऑपरेशन नीट पार पडलं, घरी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना ठेवलीय, तर वाचायचं कोणतं?

लांबी जवळपास सारखीच, 22 आणि 26 वचनं. खरा फरक वाचण्यात. 136 मध्ये प्रत्येक वचनाला ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद. एकानं पुढचं म्हणायचं, बाकीच्यांनी पालुपद उचलायचं. शेजारच्या काकूही लगेच सामील होतात. पण मध्येच फारो, सीहोन, ओग हे जुने राजे येतात, आणि आजारपणाचं नावच नाही.

103 स्वतःच्या जिवाशी बोलतं. तिसऱ्याच वचनात क्षमा आणि रोगमुक्ती. पुढं माणसाचं आयुष्य गवतासारखं, हेही सांगून टाकतं.

घर पोराबाळांनी भरणार असेल तर 136. चारच माणसं असतील तर 103, तेही मामांनीच वाचावं, सावकाश. तांबडा रस्सा थांबेल तेवढा वेळ.