ब्रश कटरचे हेड बदलताना : दोरी की पाते?

पाऊस ओसरू लागला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत रान काढायची घाई होते आणि नेमके तेव्हाच ब्रश कटरचे, म्हणजे गवत-झुडपे कापायच्या इंजिनाच्या यंत्राचे, जुने हेड (दांड्याच्या टोकाला फिरणारा कापायचा भाग) निकामी झाल्याचे लक्षात येते. नवे घेताना बहुतेक जण इंजिनाच्या सीसीकडे पाहतात. माझ्या मते आधी गवतात काय दडले आहे ते पाहावे.

मऊ, सपाट जमिनीवरच्या गवताला ‘टॅप अँड गो’ हेड सोयीचे, कारण चालू मशीन जमिनीवर हलकेच टेकवले की गवत कापणारी नायलॉनची दोरी आपोआप पुढे येते. जांभ्याच्या कातळावर मात्र त्याचे खालचे बटण लवकर झिजते आणि दोरीचे वेढे एकमेकांवर चढले असतील तर ती आतच अडकून बसते. म्हणून दगडी गडग्याच्या (बांधाच्या) कडेला, जिथे दोरी सारखी तुटते, तिथे कापलेले तुकडे हाताने ओवायचे साधे हेडच बरे. दर वेळी इंजिन बंद करावे लागते हे खरे, पण त्यात बिघडण्यासारखी स्प्रिंगच नसते.

रानमोडी किंवा घाणेरी माजली असेल तर दोरीचा उपयोग नाही. कोवळ्या झुडपांना तीन दात्यांचे पाते पुरते, लाकडी बुंध्यांना कार्बाइडच्या दातांचे गोल पाते लागते. मात्र पाते दगडावर आपटले तर मशीन जोरात बाजूला फेकले जाते. दोरी तरी निर्धोक असते असे नाही. कोवळ्या कलमाच्या खोडाची साल ती सभोवार सोलते आणि कलम वाळते, तेव्हा आळ्यातले गवत विळ्यानेच काढावे.

लोखंडी साखळीची हेडे घेऊच नयेत. सुटलेली कडी गोळीसारखी उडते, आणि याच धोक्यामुळे युरोपीय संघाने 2012 मध्ये अशा जोडण्यांवर बंदी घातली.

खरेदीपूर्वी जुने हेड सोबत न्यावे. सरळ दांड्याच्या मशीनला बहुधा डावे आटे असतात, म्हणजे नट घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पात्याचे मधले भोक सहसा 25.4 मिमीचे असते. वाकड्या दांड्याच्या लहान मशीनला पाते लावू नये. दोरीही मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीचीच घ्यावी: 2.4 मिमीच्या जागी 3 मिमीची घातली तर लहान इंजिनावर ताण येतो आणि क्लच तापतो. जुनी, कडक झालेली नायलॉनची दोरी वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवली, तर ती पुन्हा लवचीक होते.