सकाळी सुरू होईना, दुपारी तापून बंद: जुन्या डेस्कटॉपची दुरुस्ती आणि नंतरचे काही महिने

दुरुस्तीनंतर एक हिवाळा आणि एक उन्हाळा हे मशीन रोज दिवसभर चाललंय, त्यामुळे आता खात्रीने लिहितोय. २०११ च्या सुमाराचं आहे: दुसऱ्या पिढीचा आय५-२४०० प्रोसेसर, डीडीआर३ रॅम. लिखाण, हिशेब, ब्राउझर, व्हिडिओ कॉल ही कामं अजूनही बिनतक्रार करतं. तरीही ते मोडीत जायच्या बेतात होतं, दोन तक्रारींमुळे. सकाळी बटण दाबलं की पंखे क्षणभर फिरायचे, थांबायचे, पुन्हा फिरायचे. पडद्यावर काही नाही, बीपसुद्धा नाही. कसंबसं सुरू झालंच, तर दुपारपर्यंत पंखा घोंघावायला लागायचा आणि काम चालू असतानाच मशीन बंद पडायचं. ज्याला विचारावं तो म्हणे, "मदरबोर्ड गेला." बोर्ड आजही तोच आहे आणि ठणठणीत आहे.

मला आवर्जून सांगायचंय ते हे, की दोन तक्रारी एकदम आल्या म्हणून त्यांचं मूळ एकच असेल असं धरून चालू नका. इथे दोन वेगळी दुखणी होती, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेल्यामुळेच ती वेगळी झाली.

आधी तापण्याकडे वळलो, कारण ते आकड्यात मोजता येतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तापमान दिसतंच, शिवाय विंडोजमध्ये एचडब्ल्यूमॉनिटर आणि लिनक्समध्ये सेन्सर्स ही कमांड आहे. काहीही चालू नसताना ६५ अंश, आणि व्हिडिओ रूपांतराला लावला की काही मिनिटांत नव्वदीपार! एवढं तापल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ३.१ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर १.६ पर्यंत उतरताना मी पाहिलाय. जुनं मशीन मंद झालं की आपण वयाला बोल लावतो, पण पुष्कळदा ते फक्त तापलेलं असतं. आधी तापमान बघा, मग नवीन घ्यायचा विचार करा.

कॅबिनेट उघडल्यावर वरून सगळं बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होतं. पंखा हीटसिंकवरून (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरून) सोडवला तेव्हा खरा प्रकार कळला. पंखा आणि धातूची पाती यांच्या मधोमध धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता, बोटाने उचलला तर अख्खा निघून आला. वारा खाली पोचतच नव्हता. नुसती वरून हवा मारून हा थर जात नाही, पंखा काढावाच लागतो. हीटसिंकखालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप) पार वाळली होती, नखाने खरवडली तर पांढरट खपल्या पडल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, मधोमध पेस्टचा छोटा ठिपका ठेवला आणि पसरवायचं काम हीटसिंकच्या दाबावर सोडलं.

तरीही अर्धा दोष राहिलाच असता, कारण हा हीटसिंक प्लॅस्टिकच्या चार पिनांवर बसतो आणि त्यातली एक पिन आधीपासून अर्धवट बसलेली होती. हीटसिंक एका कोपऱ्यात किंचित उचललेला, नजरेला पटकन न जाणवणारा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबायच्या आणि मग बोर्डाच्या मागून चारही पिना पूर्ण बाहेर आल्यात का ते बघायचं. तिरक्या हीटसिंकखाली भारीतली पेस्टही वाया जाते. एवढं केल्यावर रिकाम्या वेळी ४० अंश आणि पूर्ण भाराखाली ७० च्या आसपास.

दुपारचं बंद पडणं थांबलं. सकाळचं रडगाणं मात्र तसंच.

मग नेहमीची झाडाझडती. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबराने साफ केल्या, एकेक पट्टी वेगवेगळ्या खाचेत लावून पाहिली, हार्ड डिस्क सोडवून पाहिली. बायोसचा सेल ३ व्होल्टचा असतो, तो २.६ भरला म्हणून बदलला. त्यामुळे घड्याळ मागे जाणं थांबलं आणि सुरक्षित संकेतस्थळं उघडताना ब्राउझर देत असलेले प्रमाणपत्राचे इशारेही गेले, पण सुरू होण्यात काडीचा फरक नाही.

खूण वेगळीच होती. सकाळी पाच-सहा वेळा बटण दाबलं की मशीन सुरू व्हायचं, आणि मग दिवसभर कितीही वेळा रीस्टार्ट करा, तक्रार नाही. बिघाड फक्त थंड असतानाच होत असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर घ्यावा. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) जुने झाले की आतून सुकत जातात. थंडीत त्यांचा अंतर्गत रोध आणखी वाढतो, जरा गरम झाले की कामचलाऊ होतात. सुरू होताना सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस करड्या तारेवरून "पॉवर गुड" संकेत देतो, आणि तो येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. संकेत आला नाही तर पंखे फिरतात, बाकी सगळं गप्प.

मल्टीमीटर लावला. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. सकाळी थंड मशीनवर आकडा ११.१ पर्यंत घसरत होता, गरम झाल्यावर ११.८ वर यायचा. हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरतो का, एवढीच चाचणी पुष्कळजण करतात. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस जिवंत आहे एवढंच कळतं, भार पेलतो की नाही ते कळत नाही. चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणं सगळ्यात खात्रीचं, आणि इथे तो लावताच पहिल्या दाबाला मशीन सुरू झालं. जुना एसएमपीएस उघडायच्या भानगडीत मात्र पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या पुढचा साठा राहू शकतो.

मग ४५० वॉटचा, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला नवा एसएमपीएस घेतला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि प्रोसेसर ९५ वॉटचा, त्यामुळे तो भरपूर होतो. तेव्हापासून ऐन थंडीतही एका दाबात सुरू होतं. उन्हाळ्यात खोलीच तापलेली असताना भाराखाली ७८ च्या वर गेलेलं पाहिलं नाही. दर तीनेक महिन्यांनी पंखा काढून धूळ झटकतो, झटकताना पाती बोटाने धरून ठेवतो.

उणिवा आहेतच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर बसत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं. ते सुरळीत चालतं. व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी आवळलेले व्हिडिओ उलगडायची सोय या चिपमध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. फोर-के लावला की चित्र अडखळतं आणि पंखा ओरडतो, म्हणून १०८० वरच पाहतो.

असं मशीन दुरुस्त करायला घेणार असाल, तर पेस्ट किंवा एसएमपीएस विकत घेण्याआधी प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचे कपॅसिटर टॉर्च लावून नीट बघा. त्यांचे माथे सपाट असायला हवेत. फुगलेले दिसले किंवा खाचेतून तपकिरी काही पाझरलेलं दिसलं, तर बोर्डच शेवटाला आलाय. तिथे डिस्क काढून आधी माहिती वाचवा.