परळच्या ताईंचा ब्रायडल मेकअप, बिनधास्त बुक करा

बहिणीच्या लग्नाला परळच्या एका ताईंना बोलावलं होतं. दादरला हॉल, मे महिना, एसी नावालाच, तरी सकाळी केलेला मेकअप दुपारी शेवटची पंगत उठेपर्यंत जागचा हलला नाही. ताई बेस थापत नाहीत, पातळ थर लावायचा, टिपायचा, थोडं थांबायचं, परत पातळ थर, आणि मानेला, कानामागे पण तोच शेड. बहीण सावळी आहे, ती सावळीच दिसली आणि काय सुंदर दिसली! एवढ्या एका गोष्टीसाठी पाच स्टार. येण्याजाण्याचे पैसे वेगळे पडतात, ते आधीच विचारून घ्या.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. एक काका म्हणाले, बायकांना हे उपजतच येतं. ताई गप्प. नंतर चहा घेताना म्हणाल्या, आधी शूटिंगवर हेअरला होते, मेकअप येत असून युनियनचं कार्ड मिळालं नाही, आणि कार्डाशिवाय सेटवर काम नाही, कारण सिनेमात मेकअपचं कार्ड पुरुषांना, बायकांनी फक्त हेअर करायचं. मी शोधून वाचलं तर खरंच, चारू खुराना ही मेकअप आर्टिस्ट आणि इतर बायका सुप्रीम कोर्टात गेल्या तेव्हा कुठे 2014 च्या नोव्हेंबरात ही अट गेली. आणि कार्ड न देण्याचं लेखी कारण काय, तर मेकअपमनचं काम जाऊ नये! अहो, मग निसर्ग कुठे आला यात? लग्नाच्या हॉलमध्ये जे बायकांचं उपजत, ते सेटवर गेल्यावर पुरुषांचं कसं होतं? जमतं म्हणूनच अडवलं ना त्यांना. बायका-पुरुषांच्या आवडीनिवडीत फरक असेलही, मी नाही म्हणत नाही, पण कार्डच देणार नसाल तर तो कळणार कसा?

नऊवारी नेसवायला ताईंचा असिस्टंट मुलगा आला होता. आत्या तोंड वाकडं करून बसली, बाप्या माणूस साडी काय नेसवणार म्हणे. त्याने लेगिंगवरून नेसवली, निऱ्या एकसारख्या, आणि काष्टा असा बसवला की बहीण वरातीत मनसोक्त नाचली तरी सुटला नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा पटापट भरतात, तेव्हा आत्ताच फोन करा आणि साडीसाठी त्याच मुलाला मागून घ्या.