तपकिरी डोक्याचा कुरव की काळ्या डोक्याचा? हिवाळ्यात पंख बघा

नोव्हेंबर ते जानेवारीत या दोन कुरवांना (म्हणजे सीगलना) डोक्यावरून ओळखायला जाऊ नका. विणीच्या काळातली गडद टोपी गळालेली असते. दोघांचंही डोकं पांढरं, डोळ्यामागे काळपट ठिपका, चोच आणि पाय लाल. निकाल लागतो तो पंखाच्या टोकावर.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे कुरव हाताच्या अंतरावर उडतात, तेव्हा नीट बघून घ्या. (चिप्स फेकू नका, ते त्यांचं खाणं नाही.) तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचं पंखाचं टोक चांगलं रुंद काळं असतं आणि त्या काळ्यात दोन ठसठशीत पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवात पंखाची पुढची कड लांबलचक पांढरी दिसते, काळा रंग फक्त पिसांच्या टोकांशी. ही खूण दुरूनही चुकत नाही.

पक्षी बसलेला असेल तर डोळा बघा. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचं बुबुळ फिकट, त्यामुळे नजर करडी वाटते. दुसऱ्याचा डोळा काळाभोर. तपकिरी डोक्याचा अंगाने जरा थोराड आणि चोचीने जाड असतो, पण शेजारी दुसरा नसेल तर आकारावर मी तरी विसंबणार नाही.

खरी पंचाईत पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांची. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी, पंखावर तपकिरी डाग, चोच-पाय नारिंगी, हे दोन्हींत सारखंच. त्यात तपकिरी डोक्याच्या पिल्लाचा डोळाही काळाच, आणि पांढरे ठिपके अजून आलेले नसतात. अशा वेळी एवढंच बघा: पंखाचं टोक सलग काळं, की पुढच्या कडेला पांढरं?

ऑक्टोबरमध्ये प्रौढही फसवतात. उड्डाणपिसं आतून बाहेर अशा क्रमाने बदलतात, सगळ्यात बाहेरची शेवटी. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे ठिपके नेमके त्याच पिसांवर असतात. ती अर्धवट वाढलेली असली तर ठिपके दिसतच नाहीत, म्हणून ठिपका नाही एवढ्यावर निर्णय देऊ नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये टोपी परतू लागली की काम सोपं होतं. ‘काळ्या’ची गडद चॉकलेटी, ‘तपकिरी’ची फिकट आणि कडेला गडद.

डोळा फिकट, पण कानामागचा ठिपका जवळपास नाहीच, कपाळ उतरतं आणि चोच लांब, असा पक्षी दिसला तर तो तिसराच: बारीक चोचीचा कुरव. त्याचा पंख काळ्या डोक्याच्या कुरवासारखाच असतो, म्हणून तिथे मात्र डोकं आणि चोचच बघायची.