दोन्हीकडचा एजंट की फक्त आपला?

एकाच एजंटने विकणारा आणि घेणारा दोघांनाही सांभाळलं की काम पटकन उरकतं, हे मान्यच. माझं पहिलं घर तसंच झालं. एकच फोन, घर बघायला म्हणाल त्या वेळी किल्ली हजर, कागदांसाठी दोन माणसांच्या मागे लागणं नाही. ज्यांना घाई आहे त्यांना मी आजही मोडता घालणार नाही.

पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. घर पसंत पडल्यावर मी विचारलं, "बोली कितीपासून सुरू करू?" तोवर शेजारपाजाऱ्यांपासून नळाच्या दाबापर्यंत भरभरून बोलणारा हा गृहस्थ एकदम मूग गिळून बसला. "ते तुम्हीच ठरवा." मालक का विकतोय? "त्यांचं खाजगी आहे." थोडे खाली येतील का? "विचारून बघा ना."

मी चिडलो होतो. तो लबाडी करत नव्हता, हे मागाहून लक्षात आलं. मालक कितीवर तयार होईल हे मला सांगितलं तर मालकाशी दगा, मी कुठवर चढेन हे मालकाला सांगितलं तर माझ्याशी. दोन्ही डगरींवर हात ठेवलेल्या माणसाला गप्प बसण्यावाचून गत्यंतरच नसतं. फक्त मला सल्ला हवा होता तो नेमका तिथेच, आणि दलाली काही त्या गप्प बसण्यापुरती कमी झाली नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2018 मध्ये काही मोजके अपवाद ठेवून हा दुहेरी कारभार बंदच केला. अमेरिकेत फ्लोरिडा आणि कोलोरॅडोमध्येही एजंटला दोन्ही पक्षांचा पूर्ण प्रतिनिधी होता येत नाही. फार तर तटस्थ राहून व्यवहार जुळवून देता येतो.

दुसऱ्या घराच्या वेळी माझा वेगळा एजंट होता. वेळ जास्त गेला. दोन एजंटांच्या वेळा जुळवता जुळवता नाकी नऊ आले. पण या माणसाने बेडरूममधलं कपाट सरकवायला लावलं. मागे भिंतीवर हातभर उंचीचा ताज्या रंगाचा पट्टा होता, बाकी भिंतीपेक्षा किंचित उजळ. बोट दाबलं तर रंगाखाली दमट. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "किंमत आधीच दोनदा उतरवलीय यांनी. खालून सुरू करा."

लपलेल्या दोषांच्या बाबतीत मात्र दोन प्रकारांत फार अंतर नसावं. एजंट कोणाचाही असो, त्याला ठाऊक असलेला आणि सहज न दिसणारा गंभीर दोष घेणाऱ्यापासून दडवायचा नाही, असं बऱ्याच ठिकाणचे कायदे सांगतात. कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयाने 1984 मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. ते घर भराव टाकलेल्या जमिनीवर होतं आणि विक्रीनंतर जमीन खचली. एजंटांनी उतारावर माती घसरू नये म्हणून लावलेली जाळी पाहिली होती, आवारातल्या पाहुण्यांच्या वेगळ्या घराची वाकडी फरशीही पाहिली होती, पण कोणी खोलात शिरलं नाही. न्यायालय म्हणालं, विकणाऱ्याच्या एजंटनेही घर नीट तपासून जे आढळेल ते घेणाऱ्याला सांगायला हवं.

याची चव मला विकताना कळली. गच्चीच्या गळतीबद्दल जरा सांभाळून बोला, असं मी माझ्या एजंटला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही का विकताय आणि किती खाली याल, हे माझ्या पोटात राहील. गळती मात्र सांगावीच लागेल." तेव्हा राग आला होता. पण घेणाऱ्यांनी गळती धरूनच भाव केला, आणि नंतर एकही तक्रारीचा फोन आला नाही.

घर दाखवायला येतो तो आपलाच, असा समज मात्र करून घेऊ नका. बहुतेकदा तो विकणाऱ्याचा असतो. पहिल्याच भेटीत तो कोणाच्या बाजूचा ते लेखी मागा. माझ्या दुसऱ्या एजंटने तो कागद न मागता पुढे केला होता, घर दाखवण्याच्याही आधी. ज्याला भाव स्वतः जोखता येतो, त्याचं दोन्हीकडच्या एजंटवरही भागत असेल. मला जोखता येत नाही.