कॉन्स्टिट्यूशनला पॉइंट द्यायचे की नाही? द्याच!

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या रोल-प्लेइंग खेळाची २०१४ची पाचवी आवृत्ती बरीच खेळून झाली, त्यातल्या कॉन्स्टिट्यूशनबद्दल (पात्र किती काटक आहे ते सांगणारा आकडा, थोडक्यात ‘कॉन’) लिहायचंच होतं. याला एकही स्किल (लपणं, पटवणं असं कौशल्य) जोडलेलं नाही, म्हणून नवे लोक सरळ १० ठेवून मोकळे होतात आणि मग पहिल्याच मोठ्या मारात आडवे. पाचव्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार) घ्या, कॉन १० असेल तर सरासरीने २२ हिट पॉइंट (इतका मार सोसला की पात्र पडतं), १४ असेल तर ३२, आणि फायरबॉल या आगीच्या मंत्राविरुद्धचा सेव्ह (मार कमी करायला टाकलेला फासा) चुकला तर तो सरासरी २८ काढतो, म्हणजे एक पडला, दुसरा ४ वर का होईना पण उभा! वर कॉन्सन्ट्रेशन (चालू मंत्रावरचं लक्ष) टिकवायचा सेव्हही कॉनवरच, त्या २८च्या माराला फाशाची बेरीज किमान १४ लागते. फायटरला (लढवय्याला) तर हवंच. माझ्याकडून पैकीच्या पैकी, पण मुख्य स्टॅटच्या (पात्राला सगळ्यात जास्त लागणाऱ्या गुणाच्या) आधी नको, दुसऱ्या नंबरला ठेवा.