निन्टेन्डो स्विचचा स्क्रीन काळा: घरी उघडायचा की दुरुस्तीला द्यायचा?

धाकट्या भावाचा 2017 च्या मॉडेलचा स्विच (हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल) चालू होतो, आवाज येतो, पण स्क्रीन काळा. उघडू की देऊ, या पेचात तो अडकलाय. आधी डॉकने, म्हणजे कन्सोल बसवायच्या स्टँडने, टीव्हीला जोडून बघ म्हटलं. तिथे चित्र आलं तर दोष बहुधा स्क्रीनचा किंवा रिबन केबलचा, म्हणजे स्क्रीनला आतल्या बोर्डाशी जोडणाऱ्या चपट्या तारेचा. तिथेही नसेल, तर स्वतः उघडू नकोसच.

खर्च घरीच कमी. ट्राय-विंग (तीन पात्यांच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि केबल नुसती सैल असेल तर नवा भागही नको. या मॉडेलमध्ये टचची काच आणि एलसीडी (चित्र दाखवणारा पडदा) वेगळे असतात, त्यामुळे बिघडलेलंच बदलता येतं. स्विचच्याच ओलेड (वेगळ्या प्रकारच्या स्क्रीनच्या) मॉडेलमध्ये दोन्ही चिकटलेले, तिथे हा फायदा नाही.

जोखमीत मात्र दुरुस्तीवाला सरस. बॅटरीची जोडणी न काढता केबलला हात लावला तर बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) फ्यूज उडू शकतो. केबलच्या सॉकेटची इवलीशी खटकी नखाने अलगद उचलायची. जोर केला की तुटलीच. मला याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते.

वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीकडेच द्या. ती संपलीय, हात स्थिर आहे, टीव्हीवर चित्र येतंय, तर घरी करा. ओलेड असेल किंवा कन्सोल पाण्यात पडला असेल, तर कारागिराकडेच.